हलणाऱ्या हाताने सजवलेला केक

माझ्या उजव्या हाताला कंप आहे. कॉलेजात असल्यापासूनच. सही करताना, भरलेला कप उचलताना तो वाढतो. केक भाजायला त्याची काही आडकाठी होत नाही. अडतं ते पायपिंग बॅग हातात घेतली की. तिथे हात एका जागी धरायचा आणि सारख्या दाबाने क्रीम पिळायचं, आणि माझ्या हाताला नेमकं तेवढंच जमत नाही. दोन वर्षं मी नोझलचा, म्हणजे त्या बॅगच्या टोकाला लावायच्या तोट्यांचा, संच घेऊन बटर पेपरवर गुलाब काढायचा सराव केला. एका संध्याकाळी धाकटी मुलगी शेजारी बसून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई, त्यापेक्षा तू चाळणीने करतेस ना, तेच कर. ते मला जास्त आवडतं."

चाळणीला हलणारा हातच लागतो! हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून सजावटीकडे बघायची माझी नजर बदलली. स्थिर हात मागणाऱ्या गोष्टी मी सोडून दिल्या आणि चाळणं, ओतणं, चमच्याने फिरवणं एवढ्यावर आले.

चाळणीचं आधी सांगते, कारण ते मला सगळ्यात प्रिय आहे. चॉकलेट केक असेल तर पिठीसाखर, फिकट केक असेल तर कोको. केकवर एखादी आकाराची वस्तू ठेवायची आणि वरून चाळायचं. कागद कातरून नक्षी करायची गरज नाही, तिथेही स्थिर हात लागतोच. जाळीचा कागदी रुमाल, नाहीतर चक्क काटा-चमचा ठेवा. चहाची बारीक गाळणी केकपासून वीतभर वर धरून बोटाने टिचक्या मारल्या की साखर धुक्यासारखी एकसारखी उतरते. खरी परीक्षा असते वस्तू उचलताना. तिरकी ओढली तर कड फिसकटते, म्हणून मी आधीच तिच्या दोन टोकांना चिकटपट्टीच्या शेंड्या लावते आणि त्या धरून सरळ वर उचलते. केक पूर्ण गार हवा, आणि साखर वाढायच्या अगदी आधी चाळायची. आधीच चाळून ठेवली तर ती केकमधला ओलावा ओढून घेते आणि विरघळून दिसेनाशी होते.

केक मधे फुगला असेल तर उलटा करा. तळाची बाजू सपाट असते, कडाही नीट असतात.

बटरक्रीम लावायचं असेल तर गुळगुळीत करायच्या मागे लागू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते. गुळगुळीत पृष्ठभागावर प्रत्येक खाच दिसते. लाटा काढल्या की त्यांत सगळं सामावून जातं. १२५ ग्रॅम मऊ लोणी आणि २५० ग्रॅम पिठीसाखर फेटून घ्या. लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. आधी अगदी पातळ थर देऊन केक अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. सुटे कण त्या थरात अडकून बसतात आणि वरचा थर स्वच्छ राहतो. मग उरलेलं क्रीम थापा आणि चमच्याची पाठ टेकवून, किंचित वळवून उचला. पुन्हा शेजारी टेकवा. प्रत्येक लाट वेगळी निघते, आणि तशीच ती छान दिसते.

ओतायचं म्हणजे गनाश, चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण. १०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरायचं, १०० ग्रॅम फ्रेश क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओतायचं. दोन मिनिटं हात लावायचा नाही. मग मधून बाहेर असं हळूहळू ढवळायचं. थोडं निवलं की एक थेंब काचेच्या पेल्याच्या बाहेरच्या बाजूने सोडून बघा. सरसर खाली गेला तर पाच मिनिटं थांबा, मधेच अडला तर तयार आहे. केक फ्रीजमधून काढलेला गार असला की ओघळ निम्म्यावर थांबतात. चमच्याने कडेवरून सोडा. काही लांब, काही आखूड येऊ द्या.

त्यानंतर माझा हात आणखी काहीतरी ठेवायला शिवशिवतो, पण मी एकच गोष्ट ठेवते. फळं असतील तर एका बाजूला चंद्रकोरीसारखी, लहान-मोठी मिसळून. ती पुसून पूर्ण कोरडी केलेली हवीत, नाहीतर क्रीमला पाणी सुटतं. फुलं ठेवणार असाल तर फक्त खाण्याजोगी, फवारणी न केलेली. कण्हेर कितीही देखणी असली तरी विषारी असते, ती केकजवळही नको.

आणि ताट! केकच्या कडेखाली चारी बाजूंनी कागदाच्या पट्ट्या सरकवून मगच क्रीम लावा. शेवटी पट्ट्या ओढून काढल्या की खालचं ताट लख्ख निघतं. नोझलच्या संचाने मला कधी दिलं नाही इतकं समाधान मला या चार पट्ट्यांनी दिलं आहे.

परवा धाकटीचा वाढदिवस झाला. तिनेच खणातून काटा-चमचा आणला, चॉकलेट केकवर आडवा ठेवला आणि चाळणी माझ्या उजव्या हातात दिली.