बर्फाला सुतक नसतं

माझ्या कपाटाच्या दाराला आतून क्लॉद मोनेच्या एका चित्राचं छापील पान चिकटवलेलं आहे. फ्रान्समधल्या वेतय गावचं चर्च, बर्फात. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात असतं. कायबॉत नावाच्या मोनेच्या चित्रकार मित्राने सरकारला दिलेल्या संग्रहातलं. माझं पान उन्हाने पिवळं पडलंय, त्यामुळे माझ्याकडचा बर्फ जरा आजारी दिसतो.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरीच्या पोरांना जलरंगात एकच घोकवतो, पांढऱ्याला हात लावू नका, कागद कोरा सोडा. मोनेचं काम तेलरंगाचं. त्याच्या बर्फात निळा आहे, जांभळट आहे, मळकट राखाडी आहे. खाली सीन नदी, मग काठ, मग घरं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर चर्चचा दणकट चौकोनी बुरूज.

इतकी वर्षं मी हे चित्र शोकाचं म्हणून दाखवत आलो. मोनेची बायको कामिय याच गावात वारली, अवघ्या 32 व्या वर्षी. ‘बघा, गाव कसं सुतकात बसलंय,’ हे माझं ठरलेलं वाक्य. पोरंही माना डोलवायची.

परवा सहज तारखा जुळवल्या आणि स्वतःचीच लाज वाटली. कामिय गेली 5 सप्टेंबर 1879 ला. हा बर्फ त्याच्या आधीच्या हिवाळ्यातला! तेव्हा ती आजारी होती, पण होती. धंद्यात बुडालेलं ओशदे कुटुंबही त्यांच्याच घरात राहायला होतं, म्हणजे एका छपराखाली आठ पोरं धरून बारा माणसं. सुतक मीच नेऊन बसवलं होतं तिथे.

वर्गात चूक कबूल केली. पोरांना त्याचं काही नव्हतं. मागच्या बाकावरची एक मुलगी पुढे येऊन अगदी नाक लावून चित्र बघत राहिली आणि म्हणाली, ‘सर, तो बसला कुठं होता?’

मला कधी सुचलंच नव्हतं. चित्रात खाली पाणीच पाणी, म्हणजे बसला असणार पलीकडच्या काठावर, नाहीतर होडीत. मोनेकडे चित्रं काढायला खास होडी होती, तेही मी सांगून टाकलं.

‘मग लई गारठला असंल,’ ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.