दिवसा लाईट आणि सबस्टेशनशेजारचा सोलर प्लांट

सोलर म्हटलं की लोकांना एकतर गच्चीवरचा पाण्याचा बंब आठवतो नाहीतर राजस्थानातला भडल्याचा दोन हजार मेगावॅटच्या वरचा अवाढव्य पार्क. मला मात्र खरं कौतुक आहे ते गावच्या सबस्टेशनजवळ उभ्या राहणाऱ्या दोन-पाच मेगावॅटच्या छोट्या प्लांट्सचं.

ज्याने पौषात रात्री गव्हाला पाणी भरलंय त्याला कारण सांगायची गरज नाही. रात्रपाळीची थ्री फेज, म्हणजे मोटारीला लागणारी वीज, आली की मोटर चालू करायची, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं, सारा भरला की दारं बांधायचं आणि पुढचं फोडायचं, चिखलात पाय बधिर होतात, साप-विंचवाचं भ्या आहेच आणि जुन्नर-संगमनेरकडे तर बिबट्या पण. हे आपण वर्षानुवर्षं चालवून घेतलं याचा मला राग येतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ मध्ये तिचं २.० झालं. साधी गोष्ट आहे, शेतीचा फीडर, म्हणजे शेतीला वीज नेणारी लाईन, ज्या सबस्टेशनवरून निघतो त्याच्या जवळच्या जागेत प्लांट टाकायचा आणि दिवसा तीच वीज मोटारींना द्यायची. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॅटचा असा प्लांट २०२४ मध्ये चालूही झाला. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ.

आता वीज बनते कशी, तर सिलिकॉनच्या सेलवर ऊन पडलं की आतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि सेलच्या दोन थरांमधल्या जोडामुळे ते एकाच दिशेला ढकलले जातात, झाला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट. एका सेलला जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणून सेल जोडून पॅनल, पॅनल जोडून स्ट्रिंग असं करत व्होल्टेज हजाराच्या आसपास किंवा वर नेतात, मग इन्व्हर्टर त्याचा एसी, म्हणजे ग्रिडवर चालणारा दिशा बदलत राहणारा करंट करतो आणि ट्रान्सफॉर्मर ११ किंवा २२ केव्हीला (हजार व्होल्टला) चढवून सबस्टेशनला देतो. यात फिरणारं, धूर सोडणारं काहीच नाही.

बरेच जण म्हणतात मे महिन्यात जोरात वीज बनत असेल. ऊन भरपूर असतं हे खरं, पण पॅनलची ताकद मोजतात २५ डिग्रीला, त्यावर दर डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट होते, आणि कडक उन्हात पॅनल साठच्या वर तापतो. त्यात धुळीचा थर बसला की आणखी मार, त्यामुळे पॅनल धुणारी माणसं आणि त्यासाठी पाणी हे प्लांटच्या हिशोबात धरावंच लागतं.

रात्री सोलर बंद, मग बॅटरी नको का? मोटारीसाठी नको! पाणी उपसायची वेळ आणि उन्हाची वेळ एकच ठेवली की साठवायचा खर्चच वाचतो, ढग आलेच तर ग्रिड आहेच. म्हणून शेतीला सोलर जेवढं जुळतं तेवढं दुसऱ्या कशाला जुळत नाही असं माझं ठाम मत आहे.

एक मात्र बघायला हवं. मेगावॅटला चारेक एकर जागा लागते आणि बऱ्याच ठिकाणी ती गायरानातून जाते. तिथे चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांचं काय, हे ग्रामसभेत आधी बोललं पाहिजे, पॅनलचे खांब रोवल्यावर नाही.