अर्धा डेसिबल उन्हाळा

नागपूरचा उन्हाळा डेसिबलमध्ये मोजला तर जेमतेम अर्धा डेसिबल भरतो. कोणत्याही नागपूरकराला हे पटायचं नाही, पण हिशेब सरळ आहे. उष्णतेमुळे प्रत्येक वाहकात इलेक्ट्रॉनची वळवळ चालू असते आणि रेडिओत तीच खरखर होऊन उतरते. १९२८ साली अमेरिकेच्या बेल लॅबमधल्या जॉन्सन यांच्या मोजमापाचा एक आणि नायक्विस्ट यांच्या सूत्राचा एक असे दोन शोधनिबंध निघाले. खरखर किती हे सांगणाऱ्या या सूत्रात तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून, घालावं लागतं. जानेवारीतली १० अंशांची पहाट म्हणजे २८३ आणि मे महिन्यातली ४५ अंशांची दुपार म्हणजे ३१८. या दोन आकड्यांत फरक तो किती! जेमतेम बारा टक्के, आणि डेसिबल या शक्तींच्या गुणोत्तराच्या मापात तो अर्धाच भरतो. आपण घामाने निथळत असतो, सर्किटला त्याचं विशेष काही नसतं.

तरीही मे महिन्यात माझ्या शॉर्टवेव्हवर खरखर वाढते. त्याचं कारण ऊन नाही, उन्हावरचे उपाय. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा त्यातला मुख्य गुन्हेगार. तो विजेची प्रत्येक लाट मध्येच कापतो, सेकंदाला १०० वेळा, आणि रेडिओत जाड गुणगुण सुरू होते. पंखा पूर्ण वेगावर नेला की ती बरीचशी विरते. एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर वेगळ्या जातीचे. रेडिओ लॅपटॉपला जोडला की स्क्रीनवर त्यांच्या सारख्या अंतराच्या रेघा उमटतात, कंगव्याच्या दात्यांसारख्या. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून घराचा मेन स्विच पाडला की निम्म्या रेघा गायब होतात. उरलेल्या निम्म्या शेजाऱ्यांच्या. आमचे शेजारी एकदा डोकावून म्हणाले, "काऊन जी, नुसतं खर्र खर्र का ऐकून राह्यले?" त्यातलं अर्धं खर्र त्यांच्या जिन्यातल्या बल्बचं आहे, हे सांगायचं मी टाळलं. शेजारधर्म आहे.

माझा रिसीव्हर म्हणजे लॅपटॉपला जोडायचा, अंगठ्याएवढा आरटीएल-एसडीआर डोंगल. मूळचा टीव्ही बघण्यासाठी बनलेला, हौशी लोकांनी रेडिओकडे वळवलेला. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गेनचा, म्हणजे आलेलं किती मोठं करायचं याचा, एक स्लायडर असतो, शून्यापासून साधारण ५० डेसिबलपर्यंत. नवा माणूस तो थेट वरच्या टोकाला नेतो. आपला स्वभावच तो. समोरच्याला ऐकू येत नसलं की आपण ओरडतो. पण अँटेनातून सिग्नल आणि नॉइज, म्हणजे खरखर, हातात हात घालून येतात आणि अॅम्प्लिफायर दोघांनाही सारखंच मोठं करतो. वर पदरची थोडी खरखर घालतो, ती निराळीच.

त्यातून हा डोंगल आठ बिटांचा. सगळं आकाश त्याला २५६ पायऱ्यांत बसवायचं असतं, म्हणजे सगळ्यात जोरकस आणि सगळ्यात क्षीण यांत ५० डेसिबलच्या आसपास अंतर झेपतं. शहरातलं एखादं एफएम स्टेशन दणदणीत येत असताना गेन चढवला की डोंगल गुदमरतो आणि स्क्रीनवर भुतं दिसू लागतात. दोन बलवान स्टेशनं आत एकमेकांत मिसळून तिसऱ्याच जागी एक स्टेशन उभं करतात, जिथे प्रत्यक्षात कोणीच बोलत नसतं. भूत ओळखायची युक्ती मला फार आवडते. अँटेनाच्या वायरीत १० डेसिबलचा अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा तुकडा, लावा. खरं स्टेशन १० डेसिबलने उतरतं, या जातीचं भूत ३० डेसिबलने कोसळतं.

गेन किती ठेवायचा याची माझी पद्धत यंत्राबिंत्राची नाही. बँडमधली मोकळी जागा शोधायची, अँटेना काढायची, नॉइजची रेघ कुठे आहे ते बघायचं, अँटेना परत लावायची. रेघ हलली नाही तर गेन कमी आहे. डोंगल स्वतःचंच ऐकतोय. थोडा वाढवून पुन्हा तेच. अँटेना लावताच रेघ सहा-सात डेसिबल उचलली गेली की बाहेरचं आकाश बोलू लागलं असं समजायचं आणि तिथेच हात आवरायचा. त्यापुढे नेलं तर फक्त भुतांची सोय होते. ऑटोमॅटिक गेनवर माझा भरवसा नाही. त्याचं सगळं लक्ष सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याकडे असतं.

उपग्रह ऐकायचे तर मात्र जादा अॅम्प्लिफायर लागतो आणि तो कुठे लावला यावर सगळं अवलंबून असतं. अमेरिकेचे जुने नोआ हवामान उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले, आता १३७ मेगाहर्ट्झवर रशियाच्या मेटिओरची चित्रं मिळतात. गच्चीवरून खोलीपर्यंत १५ मीटर आरजी-५८ जातीची अँटेनाची केबल आणली तर जवळजवळ अर्धी शक्ती वाटेतच जाते. मग खोलीत कितीही भारी अॅम्प्लिफायर ठेवा, गेलेलं परत येत नाही. पहिली झेरॉक्सच डागाळलेली निघाली तर पुढचं महागडं मशीन ते डाग इमानदारीने मोठे करून देतं, तसं हे. म्हणून अॅम्प्लिफायर वर, अँटेनाच्या बुडाशी. एफएमचा दंगा मोठा असेल तर त्याच्याआधी एक फिल्टर. शॉर्टवेव्हला ही उठाठेव बहुधा लागत नाही, कारण तिथे आभाळाची स्वतःचीच खरखर रिसीव्हरपेक्षा कितीतरी मोठी असते.

मीडियम वेव्हची तर गोष्टच वेगळी. १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहूनच सुरू झाली, १५६६ किलोहर्ट्झवर, १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरने. रात्री देशभरातले श्रोते ती लावत. आता ती वाहिनी बंद झाली आहे. एवढं धूड आपल्याच शहराच्या अंगणात असताना नागपूरच्या हौशी माणसाची अडचण गेन वाढवण्याची नसे, कमी करण्याची असे. डायलवर त्याच्या आजूबाजूचं दूरचं स्टेशन पकडायला मी फेराइटचा दांडा, म्हणजे मीडियम वेव्हचा अँटेना, हळूहळू फिरवत असे, त्याचं टोक ट्रान्समीटरकडे होईपर्यंत. त्या दिशेला दांडा जवळजवळ बहिरा असतो. दोन बोटांचं काम आहे, आणि गेनच्या स्लायडरला ते कधीच जमत नाही.