काम थांबलं की बंद पडणारं मशीन

"काका, रेंडर (मॉडेलवरून चित्र बनवण्याचं जड काम) चालू असताना हे कधीच बंद पडत नाही. रेंडर संपलं, मी उठून गेलो, की रीस्टार्ट होतं."

कॉम्प्युटरचं कॅबिनेट माझ्या टेबलावर ठेवता ठेवता त्या मुलाने हे सांगितलं आणि मी ते तसंच्या तसं जॉबकार्डवर लिहून घेतलं. ओव्हरक्लॉक केलेली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेली मशीन्स माझ्याकडे दुरुस्तीला नेहमी येतात, पण त्यांची तक्रार बहुतेक वेळा उलटी असते. गेम सुरू केला किंवा एन्कोडिंग लावलं की तापमान चढतं आणि मशीन मान टाकतं. भार नसताना पडणारं मशीन शोधायला कठीण, कारण ते आपल्यासमोर पडतच नाही.

मुलगा वास्तुरचना शिकणारा. मशीन त्याने स्वतः जुळवलेलं: रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, ८ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), १६ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा), वर भलामोठा एअर कूलर. कोणाकोणाच्या सल्ल्याने पॉवर सप्लाय बदलून झाला होता, मग रॅम, मग विंडोज नव्याने टाकून झालं होतं. ओव्हरक्लॉकवर त्याचा काडीचा संशय नव्हता, आणि त्याला कारणही होतं. सगळ्या कोअरवर भार टाकणारी स्ट्रेस टेस्ट त्याने रात्रभर चालवली होती आणि ती पास झाली होती.

मी सगळ्यात आधी विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. सिस्टिम लॉगमध्ये 'कर्नल-पॉवर ४१'च्या लाल ओळी होत्याच. या ओळीवरून किती लोकांनी विनाकारण पॉवर सप्लाय बदलले असतील! तिच्यात 'पॉवर' शब्द आहे एवढंच. मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं, याहून जास्त ती बहुतेक वेळा काही सांगत नाही. कामाची ओळ तिच्या आसपास असते, आणि इथेही होती: 'डब्ल्यूएचईए-लॉगर' (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा विंडोजचा भाग), इव्हेंट १८, 'कॅश हायरार्की एरर'. म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कॅशमध्ये (छोट्या, वेगवान मेमरीत) न सुधारता येणारी चूक पकडली गेली आणि हार्डवेअरने तिथल्या तिथे रीसेट मारला. निळी स्क्रीन दिसायलाही वेळ मिळाला नाही. नोंद पडते ती पुढच्या बूटच्या वेळी, म्हणून तिच्यावरची वेळ प्रसंगानंतरची असते.

त्या नोंदीत शेवटी एक आकडा असतो, त्याकडे फारसं कोणी बघत नाही. एपीआयसी आयडी, म्हणजे चूक कोणत्या थ्रेडवर झाली त्याचा क्रमांक. मी एकेक नोंद उघडून तो आकडा कागदावर मांडत गेलो. ६, ७, ६, ६, मध्येच २, पुन्हा ७. या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरला दोन थ्रेड असल्यामुळे आणि मोजणी शून्यापासून असल्यामुळे ६ आणि ७ म्हणजे कोअर ३, आणि २ म्हणजे कोअर १. बाकीच्या सहा कोअरचं नावसुद्धा कुठे नव्हतं. रॅम किंवा पॉवर सप्लाय खराब असता तर दोष असा निवडून दोनच कोअरवर बसला नसता. इथे माझा अंदाज पक्का होऊ लागला.

"बायोसमध्ये काय काय बदललंयस?" मी विचारलं. बायोस म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जची जागा. त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (प्रोसेसरच्या मर्यादा सैल करणारी सोय) चालू, बूस्ट (कोअर गाठू शकतो तो सगळ्यात वरचा वेग) २०० मेगाहर्ट्झने वाढवलेला, आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) सगळ्या कोअरना उणे ३०. उणे ३० ही तिथली शेवटची मर्यादा. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, म्हणजे प्रत्येक कोअरच्या व्होल्टेजमधून ९० ते १५० मिलिव्होल्ट काढून घेतलेले.

मग ही सेटिंग रात्रभराच्या टेस्टमध्ये टिकली कशी? हे मी त्याला मॉनिटरवर एचडब्ल्यूइन्फो (प्रत्येक कोअरचा वेग आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून दाखवलं, कारण या सगळ्या प्रकरणात मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आठही कोअरवर पूर्ण भार आला की पॉवर, करंट आणि तापमान यांच्या मर्यादा लागतात आणि प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. टेस्ट चालू असताना कोअर साडेचार गिगाहर्ट्झच्याही खाली होते. त्या वेगाला लागणारं व्होल्टेज मुळातच कमी, त्यातून थोडं काढलं तरी निभावतं. टेस्ट थांबवली, एक साधा ब्राउझर उघडला, तसा एकच कोअर क्षणभरासाठी पाच गिगाहर्ट्झपर्यंत उडी मारून परत खाली आला. कस लागतो तो या उडीच्या टोकावर. त्याच्या टेस्टमध्ये प्रोसेसर या टोकाला एकदाही पोचला नव्हता.

यापुढची गोष्ट तर जास्तच अडचणीची आहे. एकाच चिपवरचे आठ कोअर सारखे नसतात. कारखान्यातच त्यांची प्रतवारी झालेली असते, आणि जे सगळ्यात चांगले कोअर, त्यांना तोच वेग गाठायला कमी व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं. काढून घ्यायला त्यांच्याकडे शिल्लक फारशी नसते. आणि विंडोज हलकी, एकेकटी कामं आवर्जून त्याच कोअरकडे पाठवतं. म्हणजे ज्याच्याकडे शिल्लक सगळ्यात कमी, त्यालाच सगळ्यात वरच्या वेगाला पळवायचं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोअरचा क्रम दिसतो. पहिला कोअर ३, दुसरा कोअर १. मुलगा माझ्या कागदाकडे बघत राहिला.

बायोस डीफॉल्टवर नेताना तो जरा कळवळला. त्याची सेटिंग प्रोफाइलमध्ये साठवून ठेवली आणि मगच डीफॉल्ट लोड केलं. मशीन माझ्याकडेच ठेवून घेतलं, एक ब्राउझर आणि एक गाणं एवढंच चालू ठेवून. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही नोंद नाही. चिपमध्ये दोष नव्हता, ही खात्री आधी व्हायला हवी होती. मग एकेक गोष्ट परत आणली. आधी रॅमचं प्रोफाइल (वेगाची तयार सेटिंग), ३६००. (हेही ओव्हरक्लॉकच. या प्रोसेसरसाठी अधिकृत आकडा ३२०० आहे, पण एका क्लिकवर लागतं म्हणून कोणी त्याला ओव्हरक्लॉक समजत नाही.) रॅम तपासणारी मेमटेस्ट८६ स्वच्छ गेली. त्यानंतर ओव्हरड्राइव्ह. कर्व्ह सगळ्यात शेवटी.

कर्व्ह तपासायला मी कोअरसायकलर वापरतो. हे प्राइम९५ या जड गणितं करणाऱ्या सॉफ्टवेअरला एका वेळी एकाच कोअरवर बसवतं, मग पुढच्या कोअरवर, असं फिरत राहतं. त्यात मी एव्हीएक्स (प्रोसेसरच्या जड गणिती सूचना) मुद्दाम बंद ठेवून एसएसई (त्याहून हलक्या) लावतो. एव्हीएक्सने करंट जास्त खाल्ला जातो आणि वेग खाली येतो. मला तर वेग टोकालाच हवा असतो. उणे ३०वर कोअर ३ने थोड्याच वेळात चूक दिली: राउंडिंग, म्हणजे उत्तर पूर्णांकापासून किती सरकलं ते, ०.५ आलं, ते ०.४पेक्षा कमी असायला हवं होतं. मशीन मात्र चालूच. रीस्टार्ट नाही, डब्ल्यूएचईएची नोंदही नाही.

ती ओळ बघून मी त्याला विचारलं, "तुझ्या फाइल्स नीट उघडतात ना सगळ्या?"

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, काही झिप फाइल्स उघडताना सीआरसी एरर (आतला डेटा बदलल्याची खूण) देतात. त्याला वाटलं होतं, एसएसडी जायला लागली. एसएसडीचं स्मार्ट (तिने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) तपासलं, ते निर्दोष होतं.

मशीन रीस्टार्ट झालं याचं मला फार वाईट वाटत नाही. रीस्टार्ट म्हणजे हार्डवेअरला चूक कळली. कॅशमध्ये चूक पकडायची सोय असते, पण गुणाकाराचं उत्तरच चुकलं तर ते पकडणारं कोणी नसतं. प्राइम९५ पकडतं, कारण ते आपलं उत्तर तपासत जातं. मर्सेन अविभाज्य संख्या शोधण्याचा जो प्रकल्प १९९६ पासून चालू आहे, त्यासाठीच हे सॉफ्टवेअर लिहिलं गेलं, आणि तिथे एक बिट चुकलं तरी दीर्घ गणित वाया जातं. आपली ड्रॉइंग्ज, हिशोब, फोटो असं काही तपासत नाहीत. चुकीचा आकडा निमूटपणे डिस्कवर जाऊन बसतो, आणि बॅकअपमध्येही तोच जातो. परीक्षेच्या प्रकल्पाचं काम ज्या मशीनवर चाललंय, त्याला हा धोका मी एक टक्कासुद्धा घेऊ देणार नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

बूस्टचे वाढवलेले २०० मेगाहर्ट्झ मी काढून टाकले. जेमतेम चार टक्के, तेही एका कोअरवर, क्षणभरासाठी. कोअर ३ शेवटी उणे ५वर स्थिरावला, कोअर १ उणे १०वर, बाकीचे उणे २०वर. त्यातले काही आणखी खाली गेले असते, पण मी मुद्दाम अंतर राखलं. नंतर स्लीपमध्ये घालून उठवणं, मोकळं सोडून देणं, अचानक भार देऊन काढणं, असं सगळं करून पाहिलं. लॉग कोरा राहिला.

वेग मोजणाऱ्या सिनेबेंच टेस्टचा मल्टी-कोअर आकडा आधीपेक्षा किंचित खाली आला. तो बघून मुलगा म्हणाला, "चालेल काका."

राहिला प्रश्न फाइल्सचा. कोणत्या बिघडल्या हे आता सांगता येणार नव्हतं, पण कधीपासून बिघडल्या असतील हे सांगता येत होतं. बायोसचा तो फोटो त्याने सेटिंग लावली त्याच दिवशी काढला होता आणि फोटोवर तारीख होती. त्या तारखेनंतर बदललेल्या सगळ्या फाइल्सची यादी काढली. झिप होत्या त्या आम्ही तिथेच तपासल्या. न उघडणाऱ्यांपैकी बऱ्याचशा मूळ फोल्डरमधून परत बनवता आल्या. मॉडेल्स मात्र त्याला एकेक उघडून, मापं डोळ्यांनी ताडून बघावी लागणार होती. यादी पेन ड्राइव्हवर घेऊन तो त्या कामाला घरी गेला.