भुंगेरा दोन महिने दिसतो, अळी बारा महिने वाळूत असते

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा टायगर बीटल हा शिकारी भुंगेरा (शास्त्रीय नाव हॅब्रोस्केलिमॉर्फा डॉर्सालिस डॉर्सालिस) जेमतेम दीड सेंटिमीटरचा. फिकट पाठीमुळे तो कोरड्या वाळूत मिसळून जातो, पळाला की मगच नजरेस पडतो. एकोणिसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडपासून न्यू जर्सीपर्यंतच्या पुळणींवर त्याचे थवे दिसत. १९९० मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आलं, तोवर अटलांटिकच्या उघड्या किनाऱ्यावर तो मॅसॅच्युसेट्समध्ये कसाबसा तगून होता. बाकीचे सगळे दक्षिणेला, मेरीलंड-व्हर्जिनियातल्या चेसापीक उपसागराच्या काठी.

प्रौढ भुंगेरे मुख्यतः जून ते ऑगस्टमध्ये दिसतात. तेवढ्यापुरती लोकांना अडवायला पुळणीवर दोरी बांधली, पाट्या लावल्या की काम झालं असं वाटतं, आणि घात होतो तो इथेच. उन्हाळ्यात घातलेल्या अंड्यातून निघालेली अळी बहुधा दोन हिवाळे वाळूत काढते. पिढ्या एकमेकींवर चढलेल्या असल्यामुळे वर्षातल्या कुठल्याच महिन्यात वाळू रिकामी नसते.

अळीचं बीळ उभं असतं, भरतीच्या वरच्या रेषेलगत, पाणी अधूनमधून पोचतं त्या ओलसर पट्ट्यात. डोक्याने तोंड बुजवून ती दबा धरते. जवळ आलेली माशी किंवा उड्या मारणारा वाळूतला जीव जबड्यात धरून आत ओढते. पाठीवरचे आकडे बिळाच्या भिंतीत रुतलेले असतात, म्हणून धडपडणारं भक्ष्य तिला बाहेर खेचू शकत नाही. सावली पडली, जमीन हादरली की ती खाली जाते. दिवसभर वर्दळ असेल तर चिरडली न जाताही ती उपाशी राहते, वाढ लांबते. गाड्यांचं नुकसान त्याहून मोठं: चाकांखाली बिळं ढासळतात आणि अळ्या मरतात. मॅसॅच्युसेट्सच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर ही जात टिकली त्या पुळणीवर गाड्या फिरत नव्हत्या, हा योगायोग नव्हे.

प्रौढांची मोजणी जुलैत, उबदार आणि उन्हाच्या दिवशी, पाण्याच्या कडेने सावकाश चालत, पुढे उडणारे मोजत करायची. एका फेरीवर विसंबू नका. ढग आले तरी आकडा कोसळतो. बिळं शोधायची तर ओहोटीला, सकाळी लवकर किंवा रात्री विजेरी घेऊन. तापलेल्या कोरड्या वाळूत अळ्या बिळांची तोंडं बंद करून बसतात आणि पुळण ओसाड असल्याचा भास होतो.

नव्या जागी वसवायचं झाल्यास प्रौढ नेऊन उपयोग नाही. ते दूरवर उडून पांगतात. वाढलेल्या अळ्या न्याव्या लागतात, तेही अमेरिकी मत्स्य व वन्यजीव सेवेच्या परवान्यानेच. बिळात गवताची काडी सरळ खाली सोडा आणि तिच्या बाजूने खणा. काडी नसेल तर भुसभुशीत वाळूत बीळ बुजतं, अळी हरवते. प्रत्येकीला ओलसर वाळूची वेगळी कुपी द्या. एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींना चावतात. कुप्या थंड पेटीत, सावलीत ठेवा. सोडताना ओल्या पट्ट्यात बारीक भोक पाडून द्या आणि दुसऱ्या दिवशी बिळं उघडी दिसतात का ते पाहा.

धूपप्रतिबंधक बंधारा बांधला की लाटा त्यावर आपटून समोरची वाळू ओढून नेतात आणि अळीचा पट्टा अरुंद होत संपतो. वाळूची भर घालणं त्यापेक्षा बरं, पण सरसकट नव्हे. जाड थराखाली अळ्या गाडल्या जातात आणि दाणा मूळ वाळूपेक्षा वेगळा असेल तर बीळ नीट होत नाही. पुळणीचे तुकडे पाडून भर घालावी, म्हणजे शेजारच्या तुकड्यातून भुंगेरे परत येऊ शकतात. पुढच्या तुकड्याची घाई करू नये. दोन वर्षांचं जीवनचक्र आहे.

न्यू जर्सीतल्या सँडी हुकवर १९९० च्या दशकात चेसापीकच्या अळ्या आणून सोडल्या. संख्या आधी वाढली, मग कोसळली. मॅसॅच्युसेट्समधल्या मोनोमॉयवर २००० पासून मार्थाज व्हिनयार्डच्या अळ्या सोडल्या आणि तिथे वस्ती रुजली. सोडल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दिसणारे प्रौढ हे आणलेल्या अळ्यांचेच असतात. तिथेच जन्मलेले मोजायचे तर आणखी दोन वर्षं थांबावं लागतं, आणि मोजणी त्यापुढेही चालू ठेवावी लागते.