माध्यम : शेण, किंमत : निरंक

संजाच्या प्रदर्शनाला पितृपक्षात हॉल मिळाला, कारण पितृपक्षात हॉल कोणालाच नको असतो. आमच्या इंदुरातल्या त्या छोट्या सरकारी कला वीथिकेचं रजिस्टर एरवी गच्च भरलेलं. पण श्राद्धाच्या पंधरवड्यात उद्घाटनाची फीत कापणार कोण? बाबूंनी पान उलटून दाखवलं, सगळं कोरं. मी शेवटचे पाच दिवस मागितले, एकादशी ते सर्वपित्री अमावास्या. मला तेच हवे होते. संजाचा किलाकोट त्याच दिवसांत होतो.

माळव्याबाहेरच्यांसाठी सांगते. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत इथल्या मुली भिंतीवर शेणाने रोज एक आकृती काढतात आणि तिच्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, तीच संजा. पौर्णिमेला पाटला म्हणजे पाट, चौथीला चौपड, पंचमीला पाच कुंवारे, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी, म्हणजे म्हातारा-म्हातारी. शेवटी किलाकोट, म्हणजे सगळ्यांना पोटात घेणारा मोठा किल्ला. संध्याकाळी आरती, गाणी, प्रसाद. इंदूरच्या रामबागेत आम्ही मराठी पोरी शेजारच्या मालवी मैत्रिणींबरोबर पितृपक्षात संजा करायचो आणि नवरात्रात त्यांना भोंडल्याला ओढायचो. आता फ्लॅटच्या डिस्टेंपरवर शेण कोण लावू देतं? म्हणून हे प्रदर्शन.

घरी सांगितलं तर बाबा उखडले. "१९२७ साली चित्रकार देवळालीकरांनी इथे चित्रशाळा काढली, बेंद्रे-हुसेनसारखे चित्रकार तिथे शिकले, आणि तू शेणाचं प्रदर्शन भरवून राहिलीस? तेही पितृपक्षात?" मी म्हटलं, बाबा, चिंचाळकर गुरुजीही देवळालीकरांचेच विद्यार्थी. वाळलेली पानं, मुळं, चिंध्या यांतून ते चित्रं करायचे, ते चाललं ना? बाबा काही बोलले नाहीत, पेपर उघडून बसले. आमच्याकडे याला परवानगी म्हणतात.

फॉर्म मात्र फ्रेमवाल्या चित्रकारांसाठीच छापलेला. कलाकाराचे नाव, माध्यम, आकार, किंमत. बाबूंनी पेन वर धरून विचारलं, "मैडम, माध्यम में क्या लिखूँ?" मी म्हटलं, गोबर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि लिहिलं. किमतीच्या रकान्यात निरंक. नियम दोनच, पण दोन्ही आमच्या मुळावर येणारे: भिंतीला काही लावायचं नाही, आणि खिळा ठोकायचा नाही.

म्हणजे पाट्या करणं आलं. दोन फुटी प्लायवुडच्या अकरा, आणि किलाकोटासाठी चार फुटी एक. आता शेण. स्वच्छतेत पहिला नंबर पटकावणाऱ्या आमच्या शहरातून गोठे केव्हाच हद्दपार झालेत, त्यामुळे राऊच्या पुढच्या एका खेड्यातून दोन बादल्या आणल्या. रिक्षावाल्याने वास ओळखला आणि वीस रुपये वाढवून घेतले. पहिली पाटी गच्चीत वाळवली, तर दुसऱ्या दिवशी अख्खा पाटला पापडासारखा उचलून हातात आला. गुळगुळीत प्लायवर शेण धरत नाही. शेजारची मालवी मावशी ते बघून खूप हसली. "भिंतीला आधी लिंपण असतं बेटा, तू तर काचेवर लावून राहिली." मग पाटीवर गोणपाट ताणून ठोकलं, त्यावर पिवळ्या मातीचा हात फिरवला, तो ओला असतानाच शेण लावलं आणि चिमूटभर फेव्हिकॉल घातलं. फेव्हिकॉलचं मावशीला सांगितलं नाही.

पौर्णिमेपासून दशमीपर्यंत आमच्या बिल्डिंगच्या गच्चीत रोज एक पाटी झाली. आधी आठ-नऊ बायका होत्या, मग त्यांच्या नाती आल्या. मी फक्त सामान पुरवत होते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण माझी चूक इथेच झाली. एकादशीला वरच्या मजल्यावरच्या काकूंनी निमंत्रणपत्रिका उलटीसुलटी करून बघितली. त्यावर एकच नाव होतं, माझं. फॉर्मवर 'कलाकाराचे नाव' या रकान्यात मी स्वतःचं लिहून दिलं होतं आणि तेच पुढे छापून आलं. काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "संजावर नाव नसतंच गं आपलं. पण घालायचं होतं तर सगळ्यांचं घालायचं." त्या रात्री बारा पाट्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या, नातींसकट सगळी नावं घालून. वाटलेल्या पत्रिका काही परत येणार नव्हत्या.

हॉलमध्ये पाट्या भिंतीला न टेकवता विटांवर उभ्या केल्या. वरचे दिवे थेट पडत होते तिथे तासाभरात तडे गेले, डोकरीचा एक हात गळून पडला. दिवे फिरवून घेतले. गुलतेवडीची फुलं दुपारपर्यंत मान टाकत, म्हणून रोज सकाळी ताजी लावायची. किलाकोट मधोमध जमिनीवर पसरला होता, लोकांसमोर रोज थोडा वाढायचा. कॉलेजची पोरं लांबून फोटो काढायची. मावशी त्यांच्या हातात शेणाचा गोळा द्यायची आणि म्हणायची, किलाकोटातली जाडी जसोदा झाली, आता पतली पेमा तू कर. एका मुलाने केलेली पेमा जसोदेपेक्षा जाड झाली. ती तशीच ठेवली.

अमावास्येला संध्याकाळी आरती झाली. मग बायकांनी उलथन्यांनी सगळ्या पाट्या खरवडल्या, टोपलीत भरल्या आणि विसर्जनाला घेऊन गेल्या. बाबू रजिस्टर घेऊन उभे. "बारा कृतियाँ वापस मिलीं, यहाँ साइन कर दीजिए." कृती तर टोपलीतून निघून गेल्या होत्या. भिंतीशी डाग पडलेल्या गोणपाटाच्या बारा पाट्या उरल्या होत्या. बाबूंनी त्या बोटाने मोजल्या, बारा भरल्या. मी सही केली.