धर्माचा रकाना, आडवी रेघ आणि आडनाव

जर्मनीत न्यूरेंबर्गला आलो त्या पहिल्याच आठवड्यात पत्ता नोंदवायला ऑफिसात गेलो होतो. इथं घर घेतलं की दोन आठवड्यात नोंदणी करायला लागते, त्याशिवाय पगार, बँक, काहीच पुढं सरकत नाही. काउंटरवरच्या बाईनं नाव विचारलं, जन्मगाव विचारलं (सोलापूर तिनं तीनदा खोडून टाइप केलं) आणि मग मान वर न करताच विचारलं, धर्म? मी गडबडलो. बायोडेटा सोडून मला हे असं तोंडावर कुणी विचारलंच नव्हतं. मी हिंदू म्हणायला तोंड उघडतोय तोवर तिनंच विचारलं, कॅथलिक का प्रोटेस्टंट? म्हटलं दोन्ही नाही. मग तिनं रकान्यात एक आडवी रेघ मारली. झालं. आमचे मार्कंडेय महामुनी, नारळी पौर्णिमेचा रथ, गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' ओरडणारी गर्दी, सगळं त्या एका रेघेत बसलं.

फोनवर अम्माला सांगितलं तर ती म्हणते, रेघ म्हणजे काय रे, नास्तिक लिहून आलास का?

आता त्या बाईला माझ्या देवाशी काही घेणंदेणं नव्हतं, तिला फक्त टॅक्सचं बघायचं होतं. इथं चर्चचा मेंबर असाल तर तुमच्या इन्कम टॅक्सवर वरून आणखी 8 टक्के चर्च टॅक्स लागतो (बव्हेरिया, म्हणजे न्यूरेंबर्गचं राज्य, आणि शेजारच्या एका राज्यात 8, बाकी जर्मनीत 9) आणि तो पगारातूनच कापून सरकार चर्चला देतं. शाळेत आपण काय शिकलो, की युरोपात धर्म वेगळा आणि सरकार वेगळं. कसलं काय! इथं तर वसुलीच सरकार करतं, आणि 2018 पासून बव्हेरियाच्या सरकारी इमारतींत शिरताना समोर क्रॉस लावायचा नियम पण आहे. टॅक्स वाचवायचा तर ऑफिसात जाऊन, फी भरून, मी चर्च सोडलं असा कागद घ्यायचा. 2022 या एका वर्षात 5 लाखांच्या वर लोकांनी नुसतं कॅथलिक चर्च सोडलं, त्यात टॅक्सपेक्षा पाद्र्यांच्या अत्याचारांची जी प्रकरणं बाहेर आली त्याचा राग जास्त होता असं लोक सांगतात. माझ्या टीममधल्या एकीनं पण सोडलं, पण आजीला अजून सांगितलेलं नाही, ख्रिसमसला गपचूप आजीबरोबर चर्चमध्ये जाऊन बसते. मला ती एकदम आपल्यातलीच वाटली.

पण या रकान्याला या गावात दुसरा पण एक इतिहास आहे. 1935 च्या सप्टेंबरात नाझी पक्षाचा मेळावा इथंच भरला होता आणि ज्यूंचं नागरिकत्व काढणारे कायदे त्यात जाहीर झाले. ज्यू कोण हे ठरवायचं कसं, तर आजी-आजोबांचा धर्म बघून, चारातले तीन ज्यू निघाले की नातू ज्यू, मग तो स्वतः काही मानत असो नसो. म्युझियममध्ये ते वाचताना मला काय आठवावं, तर आमच्या घरातली पत्र्याची ट्रंक आणि त्यातला आजोबांचा शाळेचा दाखला. जात पडताळणीच्या वेळी त्यावर 'साळी' लिहिलंय आणि वडलांच्या दाखल्यावर 'पद्मशाली', म्हणून आम्हाला किती चकरा मारायला लावल्या होत्या ते विचारूच नका. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हे मला कळतं, तिकडं हक्क काढून घ्यायला आजोबा शोधत होते आणि आपल्याकडं हक्क द्यायला शोधतात. तरी पण तिथं उभं राहून पोटात कसंतरी झालं.

इथल्या संसदेच्या निवडणुकीचं (फेब्रुवारी 2025) पण सांगायचंय. बाहेरून आलेल्यांच्या विरोधात बोलणाऱ्या पक्षाला 20.8 टक्के मतं पडली. सोमवारी ट्राममध्ये चढलो आणि नकळत माणसं मोजायला लागलो, पाचातला एक, मग हा का तो? कुणी मला काही बोललं नाही, एका म्हाताऱ्यानं तर उलट सरकून जागा दिली, पण मोजणं काही थांबेना. तेव्हा सोलापुरातल्या विजापूर वेशीतला माझा शाळेतला मुसलमान दोस्त आठवला. निकालाच्या दिवशी तो दुकान दुपारीच बंद करायचा आणि आम्ही सगळे त्याला हसायचो, काय बे घाबरतो म्हणून. त्याच शाळेत गुरुजींनी आम्हाला सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं एका दमात पाठ करून घेतली होती, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. आणि म्हणायचे, बघा रे, चारी आडनावं वेगळी! आम्हाला लई अभिमान. दोस्ताला ट्राममधल्या त्या दिवसाबद्दल मी अजून फोन केलेला नाही, काय बोलायचं तेच सुचत नाही.

एवढं सगळं शहाणपण आल्यावर मी काय केलं ते ऐका. परवा गणपतीला भाड्याच्या हॉलमध्ये आरती झाल्यावर एक नवीन पोरगा भेटला, नुकताच आलेला, बोलायला लागला आणि त्या 'की'वरूनच ओळखलं. सोलापूरचा का? हो की ओ. इतका आनंद झाला म्हणून सांगू, आणि दुसरा प्रश्न माझ्या तोंडातून आपोआप निघाला, आडनाव काय? तो नुसता हसला. मी सावरत म्हटलं, तसं नाही, म्हणजे राहायला कुठं? तर म्हणाला, "विचारा की दादा, कुठली पेठ ते पण विचारा, म्हणजे आडनाव नाही सांगितलं तरी चालतंय." हातात मोदकाची प्लेट, चेहरा हसराच, पण मला खाली बघायला लागलं. त्या काउंटरवरच्या बाईनं निदान टॅक्ससाठी विचारलं होतं, मी कशासाठी विचारलं?

नंबर घेतला. फोनमध्ये त्याच्या नावापुढं 'सोलापूर' एवढंच सेव्ह केलंय आणि त्याला घरी जेवायला बोलावलंय.

रात्री अम्माला सांगितलं, आपल्या गावचा एक पोरगा भेटला. ती लगेच, कुणातला रे? म्हटलं, विचारलं नाही (म्हणजे विचारून झालं होतं, पण ते तिला कुठं सांगू). थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, मग घरी जेवायला कसा काय बोलावलास?

रविवारी येणार आहे तो. शेंगाचटणी आहे, ज्वारीचं पीठ मात्र संपत आलंय आणि इथं रविवारी दुकानं कायद्यानंच बंद, म्हणजे शनिवारी जाऊन आणायला लागणार.